देवघरातला कमोड

रविवारी सकाळपासून पवनारच्या घरात सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळणं चाललं होतं. जवाई जेवायला येणार, हे वरवरचं कारण. खरं कारण बोरगाव मेघेचं घर. ज्या प्लॉटपायी कैलास आणि धनंजय या सख्ख्या भावांनी मागचा अख्खा उन्हाळा अबोला धरला होता, त्या प्लॉटवर शेवटी सगळ्यांचं मिळून एकच घर बांधायचं ठरलं होतं, आणि ते कोणाच्या देखरेखीखाली बांधायचं याचा निकाल या भावांचे वडील अण्णाजी आज जेवणाआधी देणार होते. जेवणानंतर ते निकाल देत नसत. जेवणानंतर ते झोपत.

एका बाजूला होती कैलासची मुलगी सुरभी. नागपूरच्या एका कंपनीत ती दिवसभर कॉम्प्युटरवर नकाशे उघडून भिंती किती, विटा किती, फरशी किती हे मोजत बसे, आणि याला नोकरी म्हणतात यावर घरात अजून कोणाचा धड विश्वास बसला नव्हता. दुसऱ्या बाजूला अण्णाजींचे जवाई माणिकराव. कारंजा घाडग्याच्या हायवेवरचे बरेचसे धाबे त्यांनी बांधले होते. नकाशा लागतो तो ज्याला बांधता येत नाही त्याला, असं त्यांचं मत. ते प्लॉटवर लांबच लांब पावलं टाकत चालत, आभाळाकडे पाहत आणि "एवढं लागते" म्हणत. किती, ते सांगत नसत.

धाकटी सून जया, म्हणजे धनंजयची बायको, वड्या तळता तळता देवाला एकच मागत होती, की निकाल सुरभीच्या बाजूने लागू दे. तिला विटांशी काही घेणंदेणं नव्हतं. तिची गोष्ट वेगळी होती.

पवनारच्या घरी गोठ्यामागे एक संडास आणि त्याला लागून एक न्हाणी. न्हाणीला पत्र्याचं दार, दाराला कडी नाही. आत कोणी आहे हे बाहेर कळावं म्हणून आतल्याने खोकत राहायचं, अशी या घराची रीत. लग्न होऊन आली तेव्हापासून जया खोकत खोकत आंघोळ करत होती. वर्धेच्या एका शाळेत ती क्लार्क. तिला सकाळची बस गाठायची, आणि बाहेर सासरे, थोरले दीर, नवरा टॉवेल खांद्यावर टाकून उभे. बरं, नव्या घरात तरी सुटका होईल म्हणावं, तर अण्णाजींनी आधीच जाहीर करून टाकलं होतं : एक खाली, एक वर. घर म्हणजे काही बसस्टँड नाही.

मग एके दिवशी जयाने सुरभीला विहिरीकडे नेलं आणि कानात विचारलं, की बाई, वर माझ्या खोलीला चिकटून एक छोटंसं, आतून कडी लागणारं, माझं एकटीचं बाथरूम घुसडता येईल का. सुरभीने स्टोअररूम कापायला लावून ते नकाशात घुसडलं. "आबाजी नकाशात फक्त पूर्व कुठे आहे ते बघतात," ती आजोबांबद्दल म्हणाली. "आणि काकू, एकदा माझ्या मोजणीत आलं की त्याचा पाईप येतो, टाइल्स येतात, दार येतं. मिस्त्री मोजणीप्रमाणे बांधून मोकळा होतो. कोणाला कळेपर्यंत प्लास्टर झालेलं असेल." हे जयाने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. धनंजयच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे अख्ख्या पवनारला ठाऊक आहे.

माणिकराव आले, पाणी झालं, वड्यांची पहिली ताटली गेली. सुरभीने लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडला आणि पडद्यावर बोरगाव मेघेचं घर उमटलं. वरचा मजला, खालचा मजला, शेजारी शेजारी.

"हा पूजेचाच नकाशा हाये ना?" अण्णाजींनी आधी खात्री करून घेतली.

या घरात पूजा झाल्याशिवाय कोणताही कागद कामाला लागत नाही. ट्रॅक्टरच्या कागदांची पूजा झाली होती, सुरभीच्या डिग्रीची झाली होती. सुरभीकडे नकाशाची मूळ फाईल होती, पण तिची पूजा कशी करणार, म्हणून अण्णाजींच्या हुकमाने तो आधी मोठ्या कागदावर छापून आणला, पाटावर ठेवला, त्याची पूजा झाली, आणि मग तोच कागद पुन्हा कॉम्प्युटरमध्ये गेला.

"तोच आहे आबाजी. पूजेला मी नव्हते, पण काकांनी स्कॅन करून पाठवला."

"आर्वी नाक्यावर गेलतो मी," धनंजय म्हणाला. "तो पोट्टा कलर करू का म्हने. म्हनलं, घराले कलर शेवटी असते, तू ब्लॅक-व्हाईटच कर."

सुरभीने समोरच्या भिंतीच्या एका टोकावर क्लिक केलं, मग दुसऱ्या टोकावर, आणि तीस फूट असं लिहिलं. "आता याला कळलं, घर केवढं आहे."

"याले प्लॉट नाई दाखवला, काई नाई, आन कळलं बी?" माणिकरावांनी वडी मोडत विचारलं.

"एक भिंत सांगितली की बाकीचं तो त्यावरून काढतो."

तिने हॉलच्या चारी कोपऱ्यांवर बाण नेला. हॉल निळा झाला आणि कोपऱ्यात त्याचं क्षेत्रफळ आलं. भिंतींवरून बाण फिरवला, विटांचा आकडा आला. अण्णाजींच्या बायको रुख्माबाई पदर सावरून पुढे सरकल्या. त्या या घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या आणि सर्वांत जास्त बघणाऱ्या. "ज्या कोपऱ्यात जाय म्हनलं त्या कोपऱ्यात जाते बिचारा," त्या बाणाबद्दल म्हणाल्या. "घरातलं दुसरं कोनी नाई असं आयकत."

"आणि खिडक्या-दरवाजे एकेक मोजत बसायची गरज नाही," सुरभी आता रंगात आली होती. "एका खिडकीवर बोट ठेवायचं. तशा जेवढ्या असतील तेवढ्या तो स्वतःच हुडकतो." तिने एक खिडकी निवडली, आणि टपाटप सगळ्या खिडक्यांवर हिरव्या खुणा उमटल्या. अण्णाजींनी मान डोलावली. थोरली सून भागीरथा, म्हणजे सुरभीची आई, हिने जावेकडे असं पाहून घेतलं, की पाह्य, माही पोरगी. जयानेही स्वयंपाकघराच्या दारातून मनापासून मान हलवली. सगळं सुरळीत चाललं होतं.

पण कैलासला राहवेना. पोरीची हुशारी बापाला दाखवायचा मोका होता. "सुरभे, संडास दाखव ना. बाबाचा हुकूम पाळला का नाई, ते दिसन."

जयाच्या हातातला झारा तसाच राहिला.

"बाबा, ते नंतर बघू," सुरभी म्हणाली. "आधी प्लास्टर—"

"दाखव वं. दोन तं हायेत, त्याले काय येळ लागते."

सुरभीने ही एक मोजणी आधी करून पाहिलीच नव्हती. लपवायची गोष्ट कशाला उघडून बघा, असा तिचा हिशेब. आता तिने खालच्या बाथरूममधल्या, कमोड दाखवणाऱ्या लांबट गोलावर क्लिक केलं, आणि तीन आले तर काय थाप मारायची याचा विचार करत बटण दाबलं. टीव्हीवर हिरव्या खुणांचा पाऊस पडला. खाली कोपऱ्यात ओळ आली : कमोड, १७.

अण्णाजींनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. "सतरा?"

"आपून सात मानसं," रुख्माबाई म्हणाल्या.

"मी बांधलेल्या धाब्यावर लोक बस भरभरून उतरतात," माणिकराव म्हणाले, "तिथीबी चारच हायेत."

मग जे व्हायचं ते झालं. धनंजय उठून टीव्हीजवळ गेला आणि खुणा मोजू लागला. "भाऊ, तुह्या खोलीत दोन हायेत."

"माह्या खोलीत?" कैलासही उठला. "आन तुह्या खोलीत तीन दिसून राह्यले, ते?"

"आमच्या खोलीत? आमी सोसनारे लोकं हावो. माह्या बायकोनं आजवर या घरात एका शब्दानं काई मांगतलं का? देवाशपथ सांगतो, आमच्या खोलीत संडास निंघाला तं मी मिशी काढून ठेवीन."

जयाने त्याच्या मिशीकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. दुपारपर्यंत ती मिशी राहते की जाते, हे आता तिच्या हाती नव्हतं.

"अन स्वयंपाकघरातला कोनासाठी हाये?" भागीरथेचा आवाज चढला. "ओट्यापाशी. ओट्यापाशी दिवसभर कोन उभं राह्यते? मी. म्हनजे मी उठूबी नये तिथून?" आताच पोरीवरून फुगलेली छाती तिने जावेवर रोखली. "जया, तू तिच्यासंगं विहिरीकडे जाऊन काय कुचुकुचु करत होती वं त्या दिवशी?"

"लोणच्याचं बोलत होतो, ताई," जया म्हणाली. आणि लगेच तिला वाटलं, की लोणच्यासाठी कोणी विहिरीकडे जातं का.

"सुरभे, तू कायले असं केलं?" कैलासने पक्ष बदलला. मिनिटभरापूर्वी पोरगी त्याची होती, आता ती एकदम कंपनीची झाली. "तुमच्या नागपुरात असन असं. आमाले इथी लोकाइले तोंड दाखवा लागते."

सुरभी बिचारी खाली-वर करत राहिली. तिला एवढंच कळत होतं, की यंत्र सतरा म्हणतंय आणि तिला तीन ठाऊक आहेत, आणि त्या तिनांतल्या एकाचं नावही घेता येत नाही. एक खूण रस्त्यावर होती. एक नकाशा काढणाऱ्या निशांतच्या, कोपऱ्यात छापलेल्या नावावर होती.

तेवढ्यात रुख्माबाईंनी बोट वर केलं. "थे देवघर हाये ना?"

देवघरात, बरोबर मधोमध, एक हिरवी खूण होती.

"तिथी कोन बसनार हाये?" रुख्माबाईंनी विचारलं.

अण्णाजी उभे राहिले. ते उभे राहिले की निकाल असतो. "झालं. मले मशीन समजत नाई, पन देवघर समजते. सुरभी, तू आपली नागपूरले जाय. काम माणिकराव पाह्यतीन. हे मजले-बिजले काई नाई. सरळ पाच खोल्या, आन मांगं मोकळ्यात एक संडास, एक न्हानी. आतापावतो चाललं तसंच चालते."

"मोकळी हवा पाह्यजेच," माणिकराव म्हणाले आणि त्यांनी शेवटची वडी उचलली.

आणि जयाच्या डोळ्यांपुढे ते पत्र्याचं दार उभं राहिलं, नवं कोरं, बोरगाव मेघेत, बिनकडीचं. तिला रडू यायला लागलं. रडू दिसू नये म्हणून ती पुढे होऊन टीव्हीकडे तोंड करून उभी राहिली, आणि जवळून, अगदी हातभर अंतरावरून, तिला तो देवघरातला कमोड दिसला. काळा, लांबट, मधोमध पांढरा. पांढरं जे होतं त्याचं एक टोक तुटलेलं होतं.

हे तुटकं टोक जयाने पाहिलेलं होतं. अख्खे तांदूळ संपलेत, कणीवर भागवा, असं पूजेच्या दिवशी तिनेच सासूला म्हटलं होतं. कुंकू तिनेच कालवलं होतं, जरा पातळच झालं होतं. नकाशातल्या प्रत्येक खोलीला बोटाने कुंकू लावायचं, त्यावर अक्षता टेकवायची, घरातल्या सगळ्यांनी लावायचं, असं अण्णाजींनी सांगितलं होतं आणि सगळ्यांनी लावलं होतं. कोणी कुठे लावलं, त्याला काही धरबंध नव्हता. कुंकवाचं ओलं बोट आणि मधोमध तांदूळ, वर धनंजयचं ब्लॅक-व्हाईट. यंत्राची काही चूक नव्हती. कमोड असाच तर दिसतो.

आता बोललं तर घर वाचत होतं. पण बोललं की एकेक कुंकू पुसलं जाणार, सतराचे तीन होणार, आणि सतरांत लपलेलं तिचं एकटीचं बाथरूम तिनांत उघडं पडणार. न बोललं तर पत्रा होताच. जयाने मनात दोन्ही बाजू धरून पाहिल्या आणि तिला स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं खोकून खोकून बोलायची सवयच मोडली होती.

"सुरभी," ती म्हणाली, "देवघरातला जरा मोठा करून दाखव."

सुरभीने मोठा केला. टीव्हीभर तांदूळ झाला.

"ही कनी हाये," जया म्हणाली. "पूजेची. आपून कुंकू लावलं होतं ना सगळ्या खोल्याइले? मशीन त्यालेच संडास समजून राह्यली."

रुख्माबाईंनी जवळ येऊन चष्म्यातून पाहिलं. "थे माह्यं बोट हाये," त्या म्हणाल्या. "माह्या बोटाले असाच वाक हाये."

आणि मग घरात जत्राच सुरू झाली. आताच एकमेकांचे संडास मोजणारी माणसं आपापलं बोट शोधायला टीव्हीवर तुटून पडली. ओट्याजवळचं भागीरथेने स्वतःचं म्हणून ओळखलं. कैलासच्या खोलीतली दोन्ही कैलासचीच निघाली, त्याने आपल्या खोलीला दोनदा लावलं होतं आणि त्यावर धनंजयने लगेच नाक मुरडलं, तोवर धनंजयच्या खोलीतली दोन धनंजयची निघाली. सुरभी एकेक खूण काढत होती, आकडा उतरत होता. निशांतच्या नावावरचं कोणाचं, असं विचारल्यावर अण्णाजी थोडे चाचरले.

"माहा अंगठा हाये. मले वाटलं, थे घराचं नाव हाये."

"अन रस्त्यावरचं?"

"थे कुंकू नाई लावलं," धनंजय म्हणाला. "मी हात पुसला होता."

माणिकरावसुद्धा हसले. हसताना त्यांना ठसका लागला आणि भागीरथेने त्यांना पाणी दिलं. चार उरले. तीन उरले. खालचा एक. वरचा, सगळ्यांचा, एक. आणि जयाच्या खोलीला लागून, कापलेल्या स्टोअररूममध्ये, एक.

"आता हे शेवटचं कोनाचं बोट?" अण्णाजींनी खुशीत विचारलं. त्यांना देव पावला होता.

"माह्यं नाई," भागीरथा म्हणाली. "माह्यंबी नाई," रुख्माबाई म्हणाल्या. धनंजयने आपली करंगळी टीव्हीला लावून मापसुद्धा घेतलं आणि नाही म्हणाला.

सुरभीने काकूकडे पाहिलं. मग ती सहज आवाजात म्हणाली, "हेही कुंकूच असणार, आबाजी. काढून टाकते." बाण त्या गोलावर जाऊन थांबला.

पोरगी आपल्याला वाचवते आहे, हे जयाला कळलं. एक क्लिक, की कोणी काही विचारणार नाही, धनंजयची मिशी राहील, जेवणं होतील. आणि जे मोजणीत नाही ते बांधलं जात नाही, हेही तिला कळत होतं. सुरभीनेच तर समजावलं होतं.

"नको काढू," जया म्हणाली. "ते कुंकू नाई. थे माह्यं बाथरूम हाये."

धनंजयचा हात आपसूक मिशीवर गेला. "मले नाई सांगतलं तू?"

"तुमाले सांगतलं असतं तं आर्वी नाक्यावरचा पोट्टा मले विचारत आला असता."

अण्णाजी सुनेकडे बघत राहिले. ही सून उलट बोललेली त्यांना आठवत नव्हती. "काऊन?" त्यांनी विचारलं. रागावून नव्हे, त्यांना खरंच कळलं नव्हतं. "वर एक हाये ना?"

"मामाजी, मले कडी लावून आंघोय कराची हाये." ती थांबत नव्हती. "बाहेर कोनी उभं नाई, मी आतून खोकून नाई राह्यली, अशी. या घरात आली तवापासून एकदाबी नाई केली. मले दुसरं काई नको. खोली लहान करा, खिडकी काढून टाका, पन थे राहू द्या."

दोघे भाऊ फरशीकडे बघू लागले. माणिकरावांनी रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. भागीरथेने पदराने डोळे टिपले. का ते तिलाही नीट सांगता आलं नसतं, पण ती याच घरात जयाच्या आधीपासून खोकत होती.

"सुरभे," रुख्माबाई म्हणाल्या, "त्याले आतून कडी हाये का वं?"

"आहे आजी. नकाशात दिसत नाही, पण आहे."

रुख्माबाईंनी मान हलवली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंग मीबी तिथीच जाईन. माही सारी जिंदगी खोकलन्यात गेली."

अण्णाजी काहीतरी बोलणार होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि जे बोलणार होते ते गिळलं. "ठेव थे," ते सुरभीला म्हणाले. "तीन ठेव. आन काम तूच पाह्य. माणिकराव, तुमी मिस्त्रीवर ध्यान ठेवा, पन मोजाचं तिनंच." एवढं बोलून ते खाली बसले आणि जेवायला वाढा म्हणाले.

सुरभीने तिसऱ्या गोलावरची हिरवी खूण तशीच ठेवली आणि फाईल सेव्ह केली. रुख्माबाई हळूच सुनेजवळ सरकल्या. जिना चढायला किती पायऱ्या आहेत, आत बसायला पाट मावेल का, सकाळी पहिल्यांदा आपण गेलो तर चालेल का, असं त्या दबक्या आवाजात विचारत राहिल्या. जयाने सगळं ऐकून घेतलं.

"येजा, आत्याबाई," ती म्हणाली. "कवाबी येजा. पन पहिले दार वाजवजा."

रुख्माबाईंनी तिच्याकडे वर पाहिलं.

"वाजवीन," त्या म्हणाल्या.